फक्त बत्तीस हजार किलोमीटर

तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी सेकंडहँड मोटारगाडी घ्यायला निघाले, की त्यांचा पहिला प्रश्न कोणता असतो ते आठवून पाहा. "किती चालली आहे?" हाच ना? विकणाराही त्याचे उत्तर तयारच ठेवून असतो. आकडा लहान असला की गाडी चांगली, आकडा मोठा असला की गाडी थकलेली. हा हिशेब इतका सोपा आहे, की तो चुकत असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. मलाही ती आली नसती; पण गेल्या फेब्रुवारीत चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात एका गाडीपाशी दोन रविवार घालवावे लागले आणि तुमच्या भौतिकीच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणे मला त्या एका गाडीत भेटली.

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. या केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. वसाहतीतले एक साहेब निवृत्त होऊन मुलाकडे राहायला निघाले होते आणि त्यांना आपली मोटार विकायची होती. मोटार साधीसुधी नव्हती. ऐसपैस, चामड्याच्या गाद्यांची, दार लावले की बाहेरचा आवाज तुटावा अशी. अशा गाडीला आपल्याकडे सरळ 'साहेबी गाडी' म्हणतात. १९८० च्या दशकात हा मान कंटेसाला होता, किंवा प्रीमियर ११८ एनई या गाडीला. आता त्या जागी दुसरी नावे आहेत. साहेबांची गाडी नऊ वर्षांची होती, पेट्रोलवर चालणारी होती आणि तिच्या मीटरवर आकडा होता फक्त बत्तीस हजार किलोमीटर!

घेणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे. विद्युत केंद्राच्या पाणी शुद्धीकरण विभागात ते तंत्रज्ञ आहेत. मी त्यांना भाऊ म्हणतो. त्यांच्या वृद्ध वडिलांना दर पंधरवड्याला उपचारांसाठी नागपूरला न्यावे लागते. जाताना दीडशे किलोमीटर, येताना दीडशे. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून ते गाडी घेणार होते. "सर, नव्या लहान गाडीच्या पैशांत एवढी मोठी गाडी मिळून राहिली," ते मला म्हणाले, "फक्त एकदा पाहून घ्या." सोबत एक मिस्त्री होता आणि नववीत शिकणारा भाऊंचा मुलगा वही घेऊन आला होता. मिस्त्रीने बॉनेट उघडले, इंजिन सुरू केले, कान लावला आणि निकाल दिला, "इंजिन एकदम मस्त हाय, सर. आवाजच नाही."

आवाज खरोखरच नव्हता. पण मे महिन्यात वरोऱ्याच्या पुढे, जांबच्या अलीकडे, आजारी माणूस मागच्या सीटवर असताना गाडी बंद पडली तर ती इंजिनाच्या आवाजामुळे पडणार नाही, हे मला माहीत होते.

परीक्षा कोण घेतो?

तुम्हांला वाटेल, की गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे की नाही हे सरकारच तपासत असेल. आपल्याकडे टॅक्सी, ट्रक, बस यांना ठरावीक मुदतीने आरटीओत 'पासिंग'साठी जावे लागते. खासगी मोटारीचे तसे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर नूतनीकरण करताना तिची तपासणी होते आणि पुढे दर पाच वर्षांनी. मधल्या काळात पी.यू.सी. काढावी लागते खरी, पण त्यात फक्त धुराची परीक्षा होते. ब्रेक, टायर, दिवे यांच्याकडे ते यंत्र पाहत नाही. म्हणजे नऊ वर्षांची गाडी विकत घेणारा माणूस एका अर्थाने असा विद्यार्थी घरी आणतो, ज्याची परीक्षा शाळेत कधी झालेलीच नाही.

ब्रिटनमध्ये ही परीक्षा १९६० पासून सुरू आहे. आरंभी ती दहा वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी होती; आता मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी द्यावी लागते. तिथे पहिल्याच खेपेला नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण थोडेथोडके नाही. नापास कशात होतात हे पाहण्यासारखे आहे. सर्वांत पुढे दिवे, मग सस्पेन्शन म्हणजे गाडीला उशी देणारी स्प्रिंगांची आणि सांध्यांची रचना, मग ब्रेक आणि टायर. त्यांच्यामागे वायपर आणि समोरची काच. गाडी पाहायला गेलेले लोक ज्या इंजिनापाशी अर्धा तास उभे राहतात, ते या यादीत वर कुठेच नाही. नापास करणाऱ्या वस्तू बहुधा स्वस्त, लहान आणि नजरेआड असतात.

जर्मनीतल्या तपासणी संस्थांची जन्मकथा तर ऊर्जानगरच्या मुलांनी अवश्य ऐकावी. १८६५ मध्ये मानहाइम शहरात बीअर बनवणाऱ्या एका कारखान्यात बॉयलरचा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी एकत्र येऊन बॉयलर तपासणारी संस्था काढली. अशा संस्था वाढत गेल्या आणि त्यांच्याच परंपरेतल्या संस्था आज तिथे मोटारींची तपासणी करतात. मोटारीचा तपासनीस हा असा मुळात बॉयलरचा तपासनीस. भाऊंना हे सांगितले तेव्हा ते एकदम खुलले. त्यांचे आयुष्य बॉयलरच्या पाण्यात गेले आहे!

दहा हजार वेळा थंडगार

पहिल्या रविवारी मी भाऊंच्या मुलाला म्हटले, "बत्तीस हजार किलोमीटर झाले कसे, ते आधी शोधू." साहेबांच्या जुन्या ड्रायव्हरने सगळे सांगितले. घर ते कार्यालय अडीच किलोमीटर. सकाळी जायचे, दुपारी जेवायला घरी, पुन्हा कार्यालय, संध्याकाळी घरी. दिवसाला चार फेऱ्या, दहा किलोमीटर. वर्षातले तीनशे दिवस धरले तर नऊ वर्षांत सत्तावीस हजार झाले. उरलेले पाच हजार नागपूरच्या पंधरासोळा खेपांचे. मीटर मागे फिरवलेला नव्हता, हिशेब चोख जुळत होता. (तो जुळत नसता, किंवा एवढ्या कमी चाललेल्या गाडीच्या ब्रेक-पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असते, तर मी तिथूनच परतलो असतो.)

आता दुसरा हिशेब करा. रोज चार म्हणजे नऊ वर्षांत इंजिन १०,८०० वेळा सुरू झाले. हेच बत्तीस हजार किलोमीटर दीडशे-दीडशेच्या नागपूर खेपांत झाले असते, तर ते फक्त २१३ वेळा सुरू करावे लागले असते. किलोमीटर तेच, पण एका गाडीचे इंजिन दोनशेतेरा वेळा गार होऊन तापले, दुसरीचे जवळजवळ अकरा हजार वेळा.

त्याने काय बिघडते? पेट्रोल हे हायड्रोजन आणि कार्बन यांच्या संयुगांचे मिश्रण. ते जळताना हायड्रोजनचे पाणी होते. ऑक्टेनचे समीकरण मांडून पाहिलेत, तर ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी तयार होते असे दिसेल. पेट्रोलची घनता लक्षात घेतली, तर एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे एक लिटर पाणी बाहेर पडते! इंजिन चांगले तापलेले असेल, तर हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. पण अडीच किलोमीटरच्या फेरीत ना इंजिनातले तेल पुरते तापते, ना सायलेन्सर. वाफेतला काही भाग थंड धातूवर पाणी होऊन बसतो, सायलेन्सरला आतून गंज चढवतो आणि पिस्टनच्या कडेने खाली उतरून वंगणतेलात मिसळतो. आम्ही तेल भरण्याचे झाकण उघडले. त्याच्या आतल्या बाजूला फिकट कॉफीच्या रंगाची साय धरली होती. ती म्हणजे तेल आणि पाणी यांचे पायस. लांबच्या प्रवासाने ती जाते. पण वर्षानुवर्षे असे पातळ झालेले, आम्लयुक्त झालेले तेल ज्या इंजिनात फिरले, त्याचे वय मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्तच धरले पाहिजे.

मी हे सांगत असताना भाऊ गप्प होते. मग म्हणाले, "सर, आमच्या टर्बाइनचं असंच असते. नुसते तास नाही मोजत. किती वेळा बंद करून गार केला अन् पुन्हा चालू केला, ते आधी विचारतात."

मला जे सांगायला अर्धा तास लागला, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. टर्बाइनचे जाड आवरण तापताना आतली बाजू आधी प्रसरण पावते, बाहेरची मागून. गार होताना उलटे. प्रत्येक वेळी धातूत ताण निर्माण होतो आणि हजारो वेळा तो ताण सोसला, की बारीक तडे जातात. यालाच धातूचा थकवा म्हणतात. म्हणून संच अखंड चालवणे त्याला मानवते आणि चालूबंद करणे जाचते. वसाहतीतल्या प्रत्येक घरात हे ज्ञान आहे. फक्त ते केंद्राच्या फाटकातून बाहेर पडून घरच्या गाडीपर्यंत येत नाही, इतकेच.

बोअरिंगचे पाणी

यानंतर मी एक हट्ट धरला. फेब्रुवारीतल्या गार सकाळी कोणतीही गाडी चांगलीच वाटते. म्हणून दुपारी ती उन्हात उभी करून, इंजिन सुरू ठेवून आणि वातानुकूलन पूर्ण लावून अर्धा तास तापमानाच्या काट्याकडे पाहत बसायचे ठरले. वीस मिनिटांनी काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागला.

इंजिनाची उष्णता रेडिएटरमधून हवेत जाते ती दोहोंच्या तापमानांतल्या फरकाच्या जोरावर. रेडिएटरमधले पाणी ९५ अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा २७ अंश असेल, तर फरक ६८ अंशांचा. मे महिन्यात हवा ४७ अंशांची झाली की फरक उरतो ४८ अंशांचा; म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ तीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. चंद्रपूरला ४७ अंश ही कल्पना नव्हे. जून २००७ मध्ये इथे ४९ अंशांची नोंद झाली आहे. त्यात वातानुकूलनाची तापलेली जाळी रेडिएटरच्या पुढेच असते. फेब्रुवारीत वीस मिनिटांनी हलणारा काटा मे महिन्यात कुठे गेला असता?

कारण दोन निघाली. रेडिएटरच्या पंखांत कोळशाची, रस्त्याची आणि राखेची धूळ घट्ट बसली होती, ती पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने निघाली. दुसरे कारण आत होते. झाकण उघडल्यावर (गार झाल्यावरच, बरे का! तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वरही न उकळता असते आणि दाब सुटताक्षणी उसळते) हिरव्या कूलंटऐवजी तांबूस पाणी दिसले. ड्रायव्हर प्रामाणिक होता. पाणी कमी झाले की तो बोअरिंगचे पाणी भरत असे.

बोअरिंगचे कठीण पाणी तापले की त्यातले क्षार धातूवर चुनखडीसारखे जमतात. हा थर ॲल्युमिनिअमच्या तुलनेत शंभरपटीहूनही कमी उष्णतावाहक असतो. पातळ थरही रेडिएटरला जणू गोधडी पांघरतो. शिवाय कूलंटमध्ये गंजविरोधी द्रव्ये असतात, साध्या पाण्यात ती नसतात. भाऊ ते तांबूस पाणी बोटावर घेऊन पाहत राहिले. त्यांच्या विभागाचे सगळे काम म्हणजे पाण्यातला क्षार न् क्षार काढून ते बॉयलरला देणे. "असलं पाणी आम्ही बॉयलरला दाखवत पण नाही," ते म्हणाले, "अन् साहेबांच्याच गाडीत..." पुढे ते काही बोलले नाहीत.

टायरवरचे चार आकडे

मिस्त्रीने टायरांना पास केले होते, कारण खाचा चांगल्या खोल होत्या. खाचांच्या तळाशी अधूनमधून १.६ मिलिमीटर उंचीचे रबराचे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो 'गोटा' झाला असे समजावे. इथे ते उंचवटे पुष्कळ खाली होते. पण टायरच्या बाजूवर, लंबगोल चौकटीत, चार आकडे कोरलेले असतात. २३१६ असे असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. भाऊंच्या मुलाने गुडघ्यांवर बसून पाचही टायरांचे आकडे वहीत लिहिले. पाचही टायर गाडीइतकेच जुने होते आणि बाजूंवर केसांसारख्या बारीक भेगा होत्या.

रबर चालल्याने झिजते तसे नुसते उभे राहूनही म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या लांबलचक रेणूंवर हल्ला करतात आणि रबर कडक, ठिसूळ होत जाते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. विदर्भातला उन्हाळा नऊ वेळा सोसलेल्या टायराबद्दल आणखी काय सांगावे! टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांपलीकडे मुळीच वापरू नये, असे टायर बनवणारेच सांगतात.

आता एक गैरसमज. आपल्याकडे पुष्कळ जण उन्हाळ्यात टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवतात, कारण "तापून हवा फुगते आणि टायर फुटतो." वायूंचे नियम शिकलेल्या तुम्ही हे तपासून पाहा. पहाटे २५ अंशांना दर चौरस इंचाला ३२ पौंड हवा भरली. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पौंड मिळवला, की एकूण दाब ४६.७. टायर तापून ६५ अंशांवर गेला, म्हणजे २९८ चे ३३८ केल्व्हिन झाले, तर दाब होईल ५३, त्यातून १४.७ वजा केले की मापकावर ३८. चांगला टायर याहून किती तरी जास्त दाब सहज सोसतो. पण हा ३८ पाहून घाबरून कुणी तापलेल्या टायरमधली हवा सोडून पुन्हा ३२ केली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे मापक जेमतेम साडेसव्वीस दाखवील! कमी हवेचा टायर फिरताना जास्त चेपतो. चेपलेले रबर पुन्हा सरळ होताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन रबरातच राहते. टायर फुटतो तो बहुधा या उष्णतेने. ज्या भीतीने हवा सोडली, तीच गोष्ट हवा सोडल्यामुळे घडते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा टायर फुटून होणारे अपघात सर्वांच्या तोंडी होते. पुढच्याच वर्षी परिवहन विभागाने तिथे झिजलेल्या टायरांच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. त्या वेगाने तासन् तास सरळ धावताना टायर मध्ये गार व्हायला सवडच मिळत नाही. गावातल्या गावात नऊ वर्षे निमूट चाललेला टायर तिथे पहिल्याच दिवशी दगा देऊ शकतो.

पाणी पिणारे तेल

दुसऱ्या रविवारी ब्रेक. ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असते, ते खरे तर तेल नव्हे. ते ग्लायकॉल वर्गातले द्रव आहे आणि हवेतली आर्द्रता शोषून घेण्याची त्याला खोड आहे. बाजारात मिळणाऱ्या एका प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असतो. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. गाडी चालो वा उभी राहो, पावसाळा दरवर्षी येतोच. म्हणून दोन-तीन वर्षांनी हे द्रव बदलायचे असते. मिस्त्रीजवळ पेनासारखे एक उपकरण होते. द्रवात बुडवले की त्याच्या विद्युतवाहकतेवरून पाण्याचे प्रमाण सांगते. त्याचा तांबडा दिवा लागला. नऊ वर्षांत ब्रेक ऑइल बदललेले दिसत नव्हते.

चौदाशे किलोग्रॅमची गाडी ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ४,३७,५०० ज्यूल. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ही बहुतेक सगळी उष्णता होते. एवढ्या उष्णतेने तीस अंशांचे दीड लिटर पाणी उकळीला येईल. एकदा थांबण्याने काही होत नाही. पण चिखलदऱ्याच्या घाटासारख्या उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले, की पाणी प्यायलेले द्रव उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पास्कलचा नियम निरुपयोगी ठरतो. द्रव दाबले जात नाही, म्हणून पायाचा दाब चाकापर्यंत पोचतो; वाफ दाबली जाते, म्हणून पाय नुसताच खाली जातो. नागपूरच्या सपाट रस्त्यावर हे लगेच घडले असते असे मी म्हणणार नाही. पण हेच पाणी ब्रेकच्या आतल्या भागांना गंजवतेही. सपाट मैदानात हळू वेगाने ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढत होती. उजव्या पुढच्या चाकाचा ब्रेक गंजून अर्धवट अडकला होता.

बाकीचे थोडक्यात सांगतो. हेडलाइटचे आवरण काचेचे नव्हते, पॉलिकार्बोनेटचे होते आणि अतिनील किरणांनी पिवळे, धुरकट झाले होते. बल्ब चांगला असूनही प्रकाश पुढे जाण्याऐवजी विखुरत होता. ताशी साठच्या वेगाने कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला, चालकाला भान यायचा एक सेकंद धरून, सुमारे ३७ मीटर लागतात. मोहर्लीच्या रस्त्यावर रात्री चितळ किंवा रानडुक्कर त्याआधी दिसले पाहिजे. समोरच्या काचेवर कोरड्या वायपरने ओढलेल्या धनुष्याकृती चऱ्या होत्या. धुळीत आणि राखेत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश टायरांसारखेच चिरलेले. साहेबी गाडीत हे सांधे साध्या गाडीपेक्षा जास्त असतात; प्रवास मऊ होतो तो त्यांच्यामुळेच आणि खर्च वाढतो तोही त्यांच्यामुळेच. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत नव्या गाडीच्याच दराने राहते, हे अशी गाडी घेणाऱ्याच्या ध्यानात बहुधा पहिल्या बिलाच्या दिवशी येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. त्यांवर चिखलाची रेघ नव्हती. जुलै २०२२ मध्ये इरई आणि वर्धा नद्यांच्या पुराचे पाणी या भागात शिरले होते, म्हणून एवढी खात्री करून घेतली.

भाऊंच्या मुलाच्या वहीत दोन पाने भरली: पाच टायर, रेडिएटर आतून धुणे आणि नवे कूलंट, ब्रेक ऑइल व उजवा ब्रेक, सहा बुश, वायपर, हेडलाइट घासून पारदर्शक करणे, इंजिनाचा टायमिंग बेल्ट. हा बेल्टही रबराचाच, म्हणून किलोमीटर कितीही असोत, वर्षांवर बदलायचा. मिस्त्रीने खर्च सांगितला सत्तर हजार. साहेब गाडीचे मागत होते चार लाख.

वही घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो, तेव्हा ते प्रथम दुखावले. "अहो, मी ही गाडी कुणाला हात लावू दिला नाही. बत्तीस हजार म्हणजे काहीच नाही!" मी टायर, ब्रेक यांचे सांगू लागलो, त्यांचा चेहरा बदलला नाही. मग भाऊ हळूच म्हणाले, "साहेब, स्टार्ट दहा हजारांच्या वर झालेत." साहेब भाऊंकडे पाहत राहिले. चाळीसेक वर्षे त्यांनी संचांचा हिशेब असाच ठेवला होता. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला, दोन्ही पाने शांतपणे वाचली आणि ब्रेक ऑइलच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं." व्यवहार तीन लाख चाळीस हजारांत ठरला. दुरुस्तीत मिस्त्रीचा अंदाज नऊ हजारांनी चुकला, कारण सायलेन्सरचा मागचा भाग गंजून हातात आला! गाडी मार्चपासून नागपूरला जाऊ लागली. मे महिन्यात भर दुपारी बुटीबोरीच्या वाहतुकीत अर्धा तास अडकली होती. काटा मधल्या रेघेवरच राहिला, असे भाऊंच्या मुलाने मला मुद्दाम सांगितले.

तुम्हांला घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग देतो. मोठ्या माणसांना बरोबर घ्या. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक लावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल पाचसहा वेळा दाबा. ते कडक होईल. तसेच दाबून धरा आणि इंजिन सुरू करायला सांगा. पेडल तुमच्या पायाखाली आपोआप थोडे खाली गेले पाहिजे. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेताना ब्रेकच्या डब्यातल्या पडद्याच्या एका बाजूचा दाब कमी करते आणि दुसऱ्या बाजूने वातावरण तो पडदा ढकलते. पडद्याचा व्यास २५ सेंटिमीटर आणि दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोग्रॅम धरून वातावरण तुमच्या पायाला किती मदत करते ते काढा. माझे उत्तर सुमारे ३४० किलोग्रॅम वजनाइतके बळ असे आले. पेडल खाली गेलेच नाही, तर गाडी मिस्त्रीला दाखवा. आणि ते दाबून धरलेले असताना सावकाश खाली खाली जातच राहिले, तर ती जागची हलवू नका, मिस्त्रीलाच घरी बोलवा.